संकेतार्थी क्रियापदे, मराठी : अक्षरविभाग व आघात

एक क्रिया घडली असती तर दुसरी घडली असती, परंतु पहिली न घडल्यामुळे दुसरीही घडली नाही, असा अर्थ ज्या क्रियारूपांतून व्यक्त होतो, त्यांना मराठी व्याकरणात संकेतार्थी रूपे म्हणतात. ‘पाऊस वेळेवर पडता, तर पीक हाती येते’ हे साध्या संकेतार्थाचे, तर ‘पाऊस वेळेवर पडला असता, तर पीक हाती आले असते’ हे संयुक्त संकेतार्थाचे उदाहरण होय. या रूपांच्या अर्थाचा विचार मराठी व्याकरणकारांनी बराच केला आहे; त्यांच्या उच्चाराचा विचार त्या मानाने कमी झाला. वास्तविक या रूपांत अर्थाचा सगळा भार पदाच्या शेवटच्या स्वरावर असतो. ‘तो करतो’ आणि ‘तो करता’ यांत घडणाऱ्या आणि न घडलेल्या क्रियेचा जो भेद आहे, तो ओ आणि आ या दोन स्वरांनी दाखविला जातो. आघाताचा त्यात काही भाग नाही. हाच शेवटचा स्वर संपूर्ण पदाची अक्षरे कशी पडावीत हेही ठरवितो. त्यामुळे पदान्ताच्या लेखनाविषयी जेव्हा जेव्हा नियम झाले, तेव्हा तेव्हा संकेतार्थी रूपांना त्यांची झळ पोहोचली.

संस्कृत व प्राकृत पूर्वपीठिका : संस्कृतात या अर्थासाठी लृङ् हा स्वतंत्र लकार होता. पाणिनीने त्याचा विनियोग क्रियातिपत्ती, म्हणजे क्रियेची सिद्धी न होणे, या प्रसंगी सांगितला आहे. या लकाराची घडण लक्षणीय आहे. भविष्यकाळाचे ‘स्य’ घेतलेले अंग, त्याच्या आरंभी भूतकाळाचा ‘अ’ हा आगम आणि शेवटी भूतकाळाचे प्रत्यय, अशा मिश्रणातून ‘करिष्यति’ या रूपापासून ‘अकरिष्यत्’ हे रूप सिद्ध होते. म्हणजे भविष्यकाळाचेच जणू भूतकाळी रूप केले जाते. जे होणार होते पण झाले नाही, ते सांगण्याची ही युक्ती इतरत्रही आढळते. इंग्रजीतील ‘वुड’ हे ‘विल’चे भूतकाळी रूप आहे आणि स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील संकेतार्थही, पुढे दाखविल्याप्रमाणे, असाच घडला आहे. ऋग्वेदात लृङ्‌चे रूप एकदाच येते. ब्राह्मणग्रंथांत, विशेषतः शतपथ ब्राह्मणात, त्याचा वापर वाढलेला दिसतो.

वैदिक भाषेत स्वराला, म्हणजे उच्चनीच सुराला, व्याकरणात निश्चित स्थान होते. मुख्य वाक्यातील क्रियापदाच्या आधी दुसरे पद असेल, तर ते क्रियापद अनुदात्त होई. परंतु ‘यदि’, ‘यत्’, ‘चेत्’ यांसारख्या निपातांच्या योगात ते आपला उदात्त स्वर राखीत असे. लृङ्‌च्या रूपात हा उदात्त आरंभीच्या अ-आगमावर पडे. साहजिकच संकेतवाक्याच्या दोन भागांपैकी अट सांगणाऱ्या भागातील क्रियापद चढ्या सुरात आणि फल सांगणाऱ्या भागातील क्रियापद सामान्यतः सपाट सुरात उच्चारले जाई. अट कोणती आणि फल कोणते, हे कानालाच कळत असे. मराठीत हे काम ‘जर’ आणि ‘तर’ ही अव्यये करतात.

प्राकृत अवस्थेत लृङ्‌ची रूपे मागे पडली आणि त्यांच्या जागी वर्तमानकालवाचक धातुसाधित आले. हेमचंद्राने (१०८८–११७२) आपल्या व्याकरणाच्या आठव्या, प्राकृतविषयक अध्यायात क्रियातिपत्तीच्या अर्थी ‘न्त’ आणि ‘माण’ हे प्रत्यय सांगितले आहेत. यांतील ‘न्त’पासून मराठीचा ‘त’ आला. ‘करत असलेला’ एवढाच मूळ अर्थ असलेले हे धातुसाधित एकीकडे वर्तमानकाळाला आणि दुसरीकडे संकेतार्थाला वापरले गेले. हिंदीतील ‘वह करता तो’ आणि गुजरातीतील लिंगवचनाने न बदलणारे संकेतार्थी ‘करत’ ही याच मुळाची रूपे होत. मराठीने मात्र या एकाच धातुसाधिताला दोन प्रकारचे अंत्य स्वर लावून दोन वेगळ्या रूपमाला तयार केल्या. त्यामुळे भविष्यकाळी अंग, आगम आणि उदात्त अशा तीन खुणांवर उभा असलेला भेद मराठीत एका स्वरावर येऊन ठेपला.

जुनी मराठी रूपे : विदर्भात रचल्या गेलेल्या महानुभाव वाङ्मयामुळे तेराव्या शतकातील मराठी गद्य उपलब्ध आहे. पद्यात छंदाच्या सोईसाठी अक्षर वाढविले वा गाळले गेले असण्याची शंका नेहमीच राहते. गद्यात ती नसते. लीळाचरित्रात तर संभाषणे विपुल आहेत आणि न घडलेल्या गोष्टींविषयी माणसे बोलतात ती मुख्यतः संभाषणातच. म्हणून क्रियारूपांच्या अभ्यासकाला या ग्रंथाचे मोल विशेष आहे. त्याची वि. भि. कोलते (१९०८–९८) यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलते हे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि महानुभाव वाङ्मयाचे त्यांचे संशोधन मुख्यतः विदर्भातच झाले.

जुन्या भाषेत सकर्मक धातूंना ‘त’ लागताना मध्ये इ येत असे : करिता, मारिता, ठेविता. अकर्मक धातूंना ती नसे : बसता, पडता. एकोणिसाव्या शतकातील व्याकरणांत या भेदावरून धातूंचे दोन गण मानले गेले आणि ‘करितो’, ‘ठेवितो’ ही रूपे तेव्हाच्या ग्रंथिक गद्यात सर्रास आढळतात. पुढे ही मधली इ बोलण्यातून आणि मागाहून लेखनातूनही गेली. ‘करिता’ची क-रि-ता अशी तीन अक्षरे होती, ‘करता’ची उच्चारात कर्-ता अशी दोनच राहिली. ‘साठी’ या अर्थाच्या ‘करिता’ या शब्दयोगी अव्ययात ती इ अजून टिकून आहे, हे जाताजाता नमूद करावयास हवे. क्रियापदाने टाकलेले रूप अव्ययाने जपले.

अक्षरविभाग : ‘अक्षर’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. देवनागरीत एकेक सुटे लिहिले जाणारे चिन्ह ते लेखनातील अक्षर आणि एका स्वराभोवती बांधला गेलेला उच्चाराचा तुकडा ते उच्चारातील अक्षर. पुष्कळदा ही दोन्ही एकच असतात; मराठी क्रियापदांत ती वारंवार वेगळी पडतात. याचे कारण अकाराचा लोप. पदाच्या शेवटचा अ मराठीत सामान्यतः उच्चारला जात नाही. तसेच दोन स्वरयुक्त अक्षरांच्या मध्ये सापडलेला अ, पुढचे अक्षर स्वरान्त असल्यास, गळून पडतो. ‘करत’ हे लेखनात तीन अक्षरांचे असले, तरी त्याचा उच्चार क-रत् असा होतो. त्याला आ लागून ‘करता’ झाले, की मधला अ जातो आणि कर्-ता असा विभाग पडतो. पहिल्या रूपात र् दुसऱ्या अक्षराचा आरंभ करतो, तर दुसऱ्या रूपात तोच र् पहिले अक्षर बंद करतो.

लांब धातूंत हा फेर अधिक स्पष्ट होतो. ‘समजत’ याचा उच्चार सम्-जत् आणि ‘समजता’ याचा स-मज्-ता. त्याचप्रमाणे ‘बदलत’ म्हणजे बद्-लत्, परंतु ‘बदलता’ म्हणजे ब-दल्-ता. ‘उतरत’ म्हणजे उत्-रत्, परंतु ‘उतरता’ म्हणजे उ-तर्-ता. शेवटी एका स्वराची भर पडताच पदातील सगळ्या सीमा जागच्या हलतात. बोलणाऱ्याला त्याची जाणीव नसते आणि लिपी तर काहीच दाखवीत नाही. मराठी नव्याने शिकणारा अमराठी माणूस ‘समजता’ हे पद चार अक्षरांत वाचतो, तेव्हा त्याचे परकेपण याच ठिकाणी उघड होते.

छंदःशास्त्राच्या दृष्टीने या बदलात एक विलक्षण व्यवस्था आहे. ‘करिता’त लघु, लघु आणि गुरू मिळून चार मात्रा होतात; उच्चारातील कर्-ता या दोन गुरू अक्षरांच्याही चारच. ‘समजता’ लिहिल्याप्रमाणे मोजल्यास पाच मात्रा आणि स-मज्-ता असा उच्चार मोजल्यासही पाच. अक्षरे घटतात, मात्रा तेवढ्याच राहतात. स्वर गेला, तरी त्याचे वजन मागच्या अक्षराने उचललेले असते. त्यामुळे मात्रावृत्तात कवीला या प्रश्नाशी झगडावे लागत नाही. अक्षरगणवृत्तात मात्र लेखनातील अक्षरे प्रमाण धरून ‘करता’ तीन अक्षरांत म्हणावे लागते आणि कानाला ते कृत्रिम वाटते. माधव जूलियन (१८९४–१९३९) यांच्या छंदोरचना (१९३७) या ग्रंथानंतर मराठी छंदांच्या अभ्यासात लेखन आणि उच्चार यांतील अशा अंतराकडे शास्त्रीय दृष्टीने पाहता येऊ लागले.

संयुक्त संकेतार्थात दोन पदे येतात, परंतु उच्चारात ती फार काळ दोन राहत नाहीत. ‘असता’चा उच्चार अस्-ता असा होतो आणि जलद बोलताना त्याचा आरंभीचा अ मागच्या पदाच्या अंत्य स्वरात मिसळतो. ‘गेलो असतो’ हे सावकाश बोलताना गे-लो-अस्-तो असे चार अक्षरांचे असते. घाईत ते गे-लोस्-तो असे तीन अक्षरांचे एकच पद होऊन जाते. ‘त’कारान्त साधा संकेतार्थ आता बोलण्यातून बराच मागे हटला आहे आणि ‘पडता तर’ ऐवजी ‘पडला असता तर’ हीच रचना रूढ झाली आहे. लांब रचनेने आखूड रचनेला बाजूला सारले आणि मग बोलणाऱ्यांनी त्या लांब रचनेलाच आखूड केले, असे हे चक्र आहे.

स्पॅनिश व पोर्तुगीज संकेतार्थाशी तुलना : ज्या भाषांत आघात अर्थभेदक असतो, तेथे हेच काम कसे चालते, हे पाहण्यास स्पॅनिश भाषा सोयीची आहे. लॅटिनमधील तुमन्त रूप आणि त्यापुढे ‘असणे, बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे अपूर्ण भूतकाळी रूप यांच्या संयोगातून स्पॅनिश संकेतार्थ घडला. ‘कान्तार्’, म्हणजे गाणे, या क्रियापदाचे ‘कान्तारीआ’, म्हणजे ‘गायला असता’ किंवा ‘गाईल (जर तसे झाले तर)’, हे रूप कान्-ता-री-आ अशा चार अक्षरांचे असून आघात ‘री’वर येतो. स्पॅनिशमध्ये ई आणि आ हे स्वर शेजारी आले, की एरवी ते जोडून एकच अक्षर होते. उदाहरणार्थ, ‘जत्रा’ या अर्थाचा ‘फेर्या’ हा शब्द फे-र्या असा दोनच अक्षरांचा आहे. संकेतार्थात मात्र ई आघातयुक्त असल्यामुळे ती वेगळी राहते आणि लेखनात तिच्या डोक्यावर आघातचिन्ह दिले जाते. ते चिन्ह नावाला आघाताचे असले, तरी येथे ते अक्षरविभागही दाखविते : पुढचा आ हे स्वतंत्र अक्षर आहे, असे ते वाचकाला सांगते.

आघाताचा अर्थाशी संबंध किती घट्ट आहे, हे आणखी एका जोडीवरून कळते. ‘कान्तारा’ या रूपात आघात ‘ता’वर दिल्यास ते अटीच्या वाक्यात वापरावयाचे रूप होते; शेवटच्या ‘रा’वर दिल्यास तेच भविष्यकाळाचे रूप ठरते. देवनागरीत ही दोन्ही सारखीच लिहावी लागतात, यावरून आपल्या लिपीला आघाताची गरज कधी भासली नाही हे दिसून येते. मराठीतील ‘करिता’चे ‘करता’ झाले, त्याला समांतर अशी घटनाही स्पॅनिशमध्ये घडली आहे. ‘तेनेर्’, म्हणजे बाळगणे, याचा संकेतार्थ नियमाप्रमाणे चार अक्षरांचा व्हावयाचा. परंतु आघाताच्या आधीचा दुर्बल स्वर गळाला, न् आणि र् एकत्र आले, त्यांच्यामध्ये द् शिरला आणि ‘तेन्-द्री-आ’ असे तीन अक्षरी रूप तयार झाले. मराठीत असे मधले व्यंजन आले नाही. मागच्या अक्षराने र् सामावून घेतला आणि काम भागले.

मराठी व कोकणी भाषकांचा आयबेरियन भाषांशी प्रत्यक्ष संबंध आला तो स्पॅनिशच्या नव्हे, तर पोर्तुगीजच्या द्वारे. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. पोर्तुगीज संकेतार्थाची घडण स्पॅनिशसारखीच आहे. मात्र एकवचनी रूपातील ई-कारावर आघातचिन्ह लिहिण्याची पद्धत तेथे नाही, आघात वाचकाने ओळखावयाचा असतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट टॉमस स्टीव्हन्स (१५४९–१६१९) याने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले आणि भारतीय भाषेचे पहिले मुद्रित व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. क्रियापदांचे ‘अर्थ’ लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसविण्याचा यत्न येथून सुरू होतो. याच परंपरेत रोमन लिपीत लिहिणाऱ्याला एक अडचण सोडवावी लागे, ती देवनागरीत लिहिणाऱ्याला कधीच पडली नाही : क, र, त या व्यंजनांमध्ये अ लिहावयाचा की नाही, हे प्रत्येक वेळी ठरविणे भाग होते. अक्षर कोठे तुटते हा प्रश्न लिपीनेच पुढे केला.

आघाताविषयीचा वाद : मराठीत आघात आहे काय आणि असल्यास कोठे, या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या आरंभी महत्त्वाची चर्चा झाली. जर्मन पंडित पिशेल याने महाराष्ट्रीसारख्या प्राकृतांत वैदिक स्वराचे अवशेष मानले होते. याकोबी याने ते नाकारून, लॅटिनप्रमाणे शब्दाच्या शेवटाकडून मोजून ठरणारा आघात कल्पिला होता. रॅल्फ टर्नर (१८८८–१९८३) यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा पक्ष मांडला, की मराठीतील काही स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वात प्राचीन उदात्ताची स्मृती टिकून आहे आणि या बाबतीत मराठी आपल्या शेजारच्या भाषांहून वेगळी पडते. झ्यूल ब्लॉक (१८८०–१९५३) यांनी मराठीच्या जडणघडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात (१९२०) आघाताऐवजी स्वरांचे मान आणि त्यांचे शब्दातील स्थान यांवर भर दिला. या ग्रंथाचे वा. गो. परांजपे यांनी केलेले भाषांतर मराठी भाषेचा विकास या नावाने १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे हा वाद मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

टर्नर यांची उपपत्ती आकर्षक आहे, परंतु क्रियापदांपुरती तरी तिचा आधार घेणे कठीण आहे. नामे एकेकटी टिकतात. क्रियारूपे कुटुंबाने राहतात. एका पुरुषाच्या रूपात झालेला बदल साम्यामुळे दुसऱ्या पुरुषाच्या रूपात शिरतो आणि मूळ स्वराची खूण राहिली असली, तरी ती पुसली जाते. शिवाय संकेतार्थी रूपांत ऱ्हस्वदीर्घाचा फेर आघाताविना, केवळ अकारलोपाने व अक्षरविभागाने, पुरेसा स्पष्ट होतो. अशोक केळकर (१९२९–२०१४) यांच्यासारख्या आधुनिक भाषाशास्त्रज्ञांच्या वर्णनांतही मराठीतील आघात अर्थभेदक मानलेला नाही. कर्-ता या पदात पहिल्या अक्षरावर जोर दिला काय किंवा दुसऱ्या अक्षरावर दिला काय, अर्थ तोच राहतो. फार तर बोलणाऱ्याचा राग वा आश्चर्य त्यातून कळते.

व्याकरणकारांच्या रूपमाला : दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांच्या महाराष्ट्र भाषेचें व्याकरण (१८३६) या ग्रंथापासून मराठी व्याकरणाची मराठीतील परंपरा स्थिरावली. पुढील काळात क्रियापदांचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे अर्थ मानण्याची पद्धत शालेय पुस्तकांतून घरोघरी पोहोचली. मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांनी शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात रूप आणि अर्थ यांची गल्लत टाळण्यावर कटाक्ष ठेवला. रूपांना त्यांच्या प्रत्ययावरून नाव द्यावे आणि अर्थ वेगळा सांगावा, या दृष्टीने ‘करतो’ हे प्रथम ताख्यात आणि ‘करता’ हे द्वितीय ताख्यात ठरते. नावे रुक्ष आहेत. परंतु ही दोन भावंडे एकाच ‘त’पासून जन्मली आहेत, हे त्यांतून नेमके कळते.

त्या काळच्या लेखनाप्रमाणे संकेतार्थाची रूपे अशी होती : मी करतों, तूं करतास, तो करता, ती करती, तें करतें, आम्ही करतों, तुम्ही करतां, ते करते, त्या करत्या, तीं करतीं. वर्तमानकाळाची रूपे मी करतों, तूं करतोस, तो करतो, ती करते, तें करतें. आम्ही करतों, तुम्ही करतां, ते करतात. ही यादी बारकाईने पाहिल्यास दिसते, की प्रथम पुरुषात आणि ‘तुम्ही’च्या रूपात वर्तमानकाळ व संकेतार्थ मुळातच एकरूप होते, तेथे अनुस्वाराने काही वाचविले नव्हते. अनुस्वाराने जे वेगळे ठेवले होते ते पुरुष, लिंग आणि वचन : ‘मी करतों’ व ‘तो करतो’, ‘तुम्ही करतां’ व ‘तो करता’, नपुंसकलिंगी ‘तें करतें’ व पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते करते’.

अनुस्वाराचा प्रश्न व सीताबर्डी : हे अनुस्वार व्युत्पत्तीने सिद्ध होत असले, तरी बहुसंख्य मराठी भाषकांच्या उच्चारात ते राहिले नव्हते. नागपूर व वऱ्हाड भागांत तर ही अनुनासिके बोलण्यात नाहीतच. तेथील मुलाला ‘करतों’वरील टिंब हे कानाने नव्हे, तर पाठांतराने शिकावे लागे. विदर्भातील बोलीत तृतीय पुरुषी पुल्लिंगातही ‘तो करते’, ‘तो जाते’ असे वर्तमानकाळी रूप चालते. त्यामुळे ‘तो करते’ आणि ‘तो करता’ यांतील भेद ओ व आ ऐवजी ए व आ यांवर उभा राहतो. ग्रंथिक भाषेतील ‘करतो’ हे विदर्भातील मुलाला प्रथम पुरुषाचेच वाटते. वऱ्हाडी व नागपुरी बोलींची नोंद ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) घेतली गेली. शाळेच्या लेखनावर मात्र तिचा परिणाम झाला नाही.

एकसारखे नियम होण्यात राजकीय अडचणही होती. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्यप्रांत व वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांत विभागलेला होता. नागपूर ही १९५६ पर्यंत प्रथम मध्यप्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होती. तेथील पाठ्यपुस्तके मुंबईहून ठरत नसत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यावर बहुतेक सर्व मराठी शाळा एका मराठीभाषक राज्याच्या शासनाखाली आल्या. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि नागपूरचा विदर्भ साहित्य संघ या त्याच्या चार घटक संस्था होत्या. विदर्भ साहित्य संघ १९२३ मध्ये अमरावतीस स्थापन झाला. त्याचे कार्यालय पुढे नागपुरात आले आणि सीताबर्डीवरील झाशी राणी चौकातील संघाची वास्तू ही विदर्भातील वाङ्मयीन व्यवहाराचे केंद्र बनली. महामंडळाचे कार्यालय घटक संस्थांकडे आळीपाळीने फिरत असल्यामुळे त्याचा कारभार सीताबर्डीवरूनही चालला आहे.

महामंडळाने तयार केलेले चौदा लेखननियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले; १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा आणि उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीवरून दिले जाणारे अनुस्वार देऊ नयेत, असे त्यांत ठरले. परिणामी ‘मी करतों’ आणि ‘तो करतो’ यांची अंत्याक्षरे एक झाली. आज ‘करता’ हे रूप नुसते पाहिल्यास ते ‘तुम्ही करता’ मधील आहे की संकेतार्थी ‘तो करता’ मधील, हे सांगता येत नाही. जुन्या लेखनाच्या पुरस्कर्त्यांनी ही हानी असल्याचे म्हटले आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु मराठी वाक्यात कर्ता बहुधा जवळच असतो. जी खूण कानाला नाही ती डोळ्यासाठी ठेवण्याचा भार मात्र विदर्भासारख्या भागांतील मुलांवर अधिक पडत होता. नियमकर्त्यांनी दोहोंपैकी लहान हानी पत्करली, असे म्हणणे न्याय्य होईल.

बिंदूचे नवे कार्य : अनुस्वार काढून टाकणाऱ्या याच नियमांनी एका जागी तो पुन्हा आणला आणि ती जागा संकेतार्थी रूपांतच वारंवार येते. बोलीतील उच्चार दाखवावयाचा असेल, तेव्हा ‘केले असते’ याऐवजी ‘केलं असतं’ असे लिहिण्यास मुभा देण्यात आली. येथील बिंदू नाकातला उच्चार दाखवीत नाही; ‘असतं’मध्ये अनुनासिक नाही. बिंदूचा अर्थ एवढाच, की शेवटचा अ उच्चारावयाचा आहे आणि तोही किंचित लांबवून. बिंदू नसता, तर ‘असत’ हे पद अंत्य अकाराच्या लोपाने अ-सत् असे वाचले गेले असते, कारण ‘ते येथे येत असत’ अशा वाक्यातील ‘असत’ तसेच आहे. बिंदू दिला, की अंत्य अ टिकतो, त्यामुळे मधला अ लोपतो आणि अस्-त असा विभाग पडतो. त्याचप्रमाणे ‘करत’ म्हणजे क-रत्, परंतु ‘करतं’ म्हणजे कर्-त. स्पॅनिश ‘कान्तारीआ’च्या डोक्यावरील आघातचिन्ह जसे आघाताच्या नावाखाली अक्षर तोडण्याचे काम करते, तसेच मराठीतील हा बिंदू अनुस्वाराच्या नावाखाली अक्षराची सीमा सरकवितो.

नियमांच्या मसुद्यात या बिंदूचे प्रयोजन पात्रांच्या तोंडच्या भाषेपुरते होते. कथा, कादंबरी व नाटक यांतील संवादांतून तो ललित निवेदनात, तेथून वृत्तपत्रीय लेखनात आणि खाजगी पत्रव्यवहारात पसरला. ‘आले असते’ व ‘आलं असतं’ ही रूपे आज एकाच लेखकाच्या एकाच पानावर आढळू शकतात. नपुंसकलिंगी एकवचनासाठी बिंदुयुक्त रूप घेतल्यास पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते आले असते’ पुन्हा वेगळे ओळखू येते. म्हणजे १९६२ मध्ये ‘तें’ आणि ‘ते’ यांत जो भेद गमावला होता, तो बोलीच्या वाटेने काही अंशी परत आला. प्रथम पुरुषाच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. ‘मी गेलो असतो’ यातील ‘असतो’ आणि ‘तो घरी असतो’ यातील ‘असतो’ लेखनात व उच्चारात एकच आहेत; सीताबर्डीच्या परिसरात मात्र दुसऱ्या वाक्याच्या जागी ‘तो घरी असते’ असे ऐकू येते आणि प्रमाण भाषेने लेखनात मिटविलेला भेद तेथील बोलीत स्वराच्या रूपाने शिल्लक आहे.